टाकी धुण्याचा दर

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत एक दुरुस्ती केली. पन्नास वर्षांहून अधिक वयाच्या आणि मूळ रूपात जतन केलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ हा दर्जा द्यावा, त्यांच्या नोंदणी क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असावीत, नव्या नोंदणीसाठी वीस हजार रुपये शुल्क घ्यावे, आणि प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, मेळावा, इंधन भरणे वा दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी या गाड्या रस्त्यावर याव्यात, अशी ती तरतूद आहे. माझा तिला विरोध नाही. जुन्या वस्तूंविषयी ममत्व असणे हे सुसंस्कृत समाजाचे एक लक्षणच आहे, आणि घडीव पत्र्याच्या त्या डौलदार मडगार्डांकडे पाहताना मीदेखील थबकलेलो आहे. माझा प्रश्न निराळा आहे. पन्नास वर्षे वयाच्या पत्र्यासाठी शासनाने स्वतंत्र नोंदवही उघडली. तो पत्रा नितळ करण्यासाठी ज्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांचे हात झिजतात, त्यांचे नाव या राज्यातल्या कोणत्या वहीत आहे?

हा प्रश्न मला एका पत्र्याच्या शेडमध्ये सुचला. माझा एक जुना विद्यार्थी पिंपरी-चिंचवडजवळ कुदळवाडीत वाहनांचे सांगाडे आणि इंधनाच्या टाक्या रसायनात बुडवून साफ करण्याचा धंदा करी. जुन्या मोटारी हे त्याचे हौशी गिऱ्हाईक. पोटापाण्याचे काम मालट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर यांच्या टाक्यांचे आणि दारे-बॉनेटांचे. २०२३ च्या उन्हाळ्यात त्याने मोठ्या आग्रहाने मला तेथे नेले. तो वाईट माणूस नव्हे. कामगारांबरोबर एकाच डब्यातून जेवणारा, महिन्याच्या महिन्याला पगार देणारा, आणि मी विचारलेल्या कोणत्याही गोष्टीचे उत्तर न लपवणारा असा तो मालक आहे. हे आरंभीच सांगतो. कारण पुढे जे लिहावयाचे आहे ते एका दुष्ट मालकाची कहाणी म्हणून वाचले गेले तर माझ्या लिहिण्याचा हेतूच फसेल. दुष्ट मालकाला शिव्या देणे सोपे असते. भल्या मालकाच्या शेडमध्येही तेच घडत असेल, तर दोष अन्यत्र शोधावा लागतो.

बुडवण्याचे काम दिसायला अगदी साधे. ऐंशी अंशांच्या आसपास तापवलेल्या कॉस्टिक सोड्याच्या टाकीत सांगाडा सोडला की रंग आणि तेलकटपणा सुटतो. मग पाण्याने धुऊन आम्लाच्या टाकीत सोडला की गंज जातो. पुन्हा पाणी, आम्लाचे शमन, आणि शेवटी फॉस्फेटचा पातळ थर. गिऱ्हाइकाला हेच दिसते. काळाठिक्कर सांगाडा साखळीवरून आत उतरतो आणि करड्या रंगाचा, कोरा होऊन वर येतो. हे पाहताना कोणालाही मौज वाटेल. पण टाकीत उतरवण्यापूर्वी त्या सांगाड्याचे जे करावे लागते, त्यातच या धंद्याचे निम्म्याहून अधिक कष्ट आणि जवळजवळ सगळा धोका साठलेला आहे.

काचा, रबर, तारा, गाद्या काढणे ही झाली सुरुवात. ॲल्युमिनियमची पट्टी किंवा जस्ताच्या ओतकामाची मूठ चुकून राहिली, तर कॉस्टिक ती खाऊन टाकते आणि वर हायड्रोजन सोडते. म्हणून सांगाड्याचा कोपरान् कोपरा चाचपावा लागतो. गाडीच्या पोटाला लावलेला डांबराचा थर रसायनाला दाद देत नाही. तो ब्लोलॅम्पने मऊ करून पटाशीने खरवडतात. करणारा गाडीखाली उताणा पडलेला असतो. कढत डांबराचे गोळे कुठे पडत असतील हे सांगायला नकोच. जुन्या काळी पत्र्याचे सांधे आणि पोचे शिशाने भरीत. ते शिसे ज्योतीने वितळवून काढावे लागते. त्याखालच्या जुन्या रंगांतही बहुधा शिशाची संयुगे असतात, ती खरवडताना भुकटी होऊन उडतात. मग येतात दाराखालचे बंद पोकळ पाट. त्यांना खालच्या बाजूने भोके ठेवली नाहीत तर आत हवेचा फुगा अडकतो आणि तेवढा भाग कोराच राहतो; उलट, आत शिरलेले आम्ल बाहेर पडले नाही तर वर्षाभराने नव्याकोऱ्या रंगाखालून ते गंजाच्या रूपाने पाझरते. दारे काढल्यावर सांगाडा उचलताना पिळवटू नये म्हणून आडवे गज वेल्ड करावे लागतात. हे सगळे ज्याला कळते तो अडाणी मजूर नव्हे, कारागीर होय. त्या शेडमध्ये हे सगळे ज्याला कळत होते त्या लातूर जिल्ह्यातल्या मुलाचा हुद्दा मात्र वहीत ‘हेल्पर’ असा होता. टाकीजवळ उभा राहून साखळी खालीवर करणारा ‘ऑपरेटर’, आणि हा हेल्पर.

इंधनाच्या टाकीची गोष्ट याहून गंभीर आहे, आणि ती नीट समजून घेतल्यावाचून पुढचा युक्तिवाद कळणार नाही. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक असते, हे सामान्य माणसाला खरे वाटत नाही. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, जळते ती त्याची वाफ. आणि तीही हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के या प्रमाणात मिसळली तरच. भरलेल्या टाकीत हवाच नसते. रिकाम्या टाकीत ती भरपूर असते. पन्नास लिटरच्या टाकीत एक लहान चमचाभर पेट्रोल उरले, तरी त्याची जी लिटरभर वाफ होते ती ही मर्यादा ओलांडायला पुरते. आता जुन्या टाकीच्या आत पाहा: आडवे पडदे, गंजाचे पापुद्रे, वर्षानुवर्षे साचून चिक झालेल्या पेट्रोलचा लेप. चमचाभर पेट्रोल दडायला यापेक्षा चांगली जागा कोणती? ही वाफ हवेहून जड असते. तोंड उघडे ठेवले म्हणून ती उडून जात नाही, तळाशी बसून राहते. डिझेलची टाकी त्याहून फसवी. साध्या तापमानाला डिझेलची वाफ पेटण्याइतकी नसते, म्हणून वेल्डर निर्धास्त असतो; पण त्याच्याच ज्योतीने पत्रा तापला की आतल्या चिकाची वाफ होते आणि ठिणगी तर त्याच्या हातातच असते.

उपाय कोणालाही अज्ञात नाही. टाकी पूर्ण उपसावी, काटा, गाळणी, खालचा बूच काढावा, साबणाच्या कढत पाण्याने वारंवार खळबळावी, वाफ द्यावी, हवा खेळवावी, वायुमापकाने तपासावी, आणि ज्योत लावायचीच असेल तर टाकी जवळजवळ काठोकाठ पाण्याने भरून लावावी. याला वेळ लागतो. एका टाकीमागे सहज अर्धा दिवस जातो. त्या शेडमध्ये वायुमापक नव्हता. तपासणी नाकाने होत असे. माझ्या शंकेला त्या मुलाने दिलेले उत्तर मी विसरलेलो नाही. “काका, सकाळी वास येतो. दुपारनंतर आम्हाला वास येतच नाही.” नाक थकते, हे त्याला पुस्तकावाचून ठाऊक होते. शेजारच्या एका वेल्डिंगच्या दुकानात याहून ‘शास्त्रीय’ पद्धत होती. चालत्या इंजिनाच्या सायलेन्सरला नळी जोडून तिचे दुसरे टोक टाकीत सोडायचे, म्हणजे धुराने वाफ मरते, अशी तेथे श्रद्धा. आणखी एकाने काडी ओढून वाफ आधीच ‘जाळून घेण्याचा’ प्रकार अभिमानाने सांगितला. सांगणाऱ्याच्या भुवया नव्हत्या.

माझ्या विद्यार्थ्याच्या शेडमध्ये या मुलाच्या आधी जो त्या जागेवर होता, तो गळकी डिझेल टाकी जोडताना तिचे एका बाजूचे झाकण उडून जायबंदी झाला होता. एक डोळा गेला, एका कानाने ऐकू येईनासे झाले. विद्यार्थ्याने दवाखान्याचा खर्च केला, गावी जाताना हातावर काही रक्कम ठेवली. आपण कर्तव्य केले असे त्याला वाटत होते, आणि त्याच्या शेजाऱ्यांच्या मानाने त्याने ते केलेही होते. पण तो मुलगा कोणत्याही कायद्यासमोर कधी उभा राहिला नाही. अपघाताची नोंद नाही, चौकशी नाही, भरपाईचा दावा नाही. या देशाच्या औद्योगिक अपघातांच्या आकडेवारीत त्याचा डोळा शाबूत आहे.

मी विद्यार्थ्याला गिऱ्हाइकाच्या बिलाची प्रत दाखवायला सांगितली. अर्थशास्त्राच्या माणसाला पावतीत जे दिसते ते शेडमध्ये दिसत नाही. बिलावर एकच ओळ होती: ‘केमिकल डिप, बॉडी एक, टाकी एक.’ खरवडणे नाही, शिसे काढणे नाही, टाकी धुणे नाही. बाजाराने ज्याचा दर ठरवला ते बुडवणे. ज्याचा दर ठरवलाच नाही ती पूर्वतयारी. ज्याला दर नाही त्याला वेळ नाही, आणि ज्याला वेळ नाही ते काम घाईने, अर्धेमुर्धे, नाकाने हुंगून होते. मुलाचा पगारही नगावर बेतलेला. दिवसाकाठी जितक्या टाक्या पुढे सरकतील तितके पैसे. टाकी दोनदा धुतली तर त्याची मजुरी निम्मी होते. त्याला सुरक्षितता हवी असेल तर ती त्याने स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन विकत घ्यावी, असा हा हिशेब आहे.

येथे मला माझ्याच तीस वर्षांच्या अध्यापनाचा पंचनामा करावा लागेल. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये मांडलेला एक सिद्धान्त मी दर वर्षी पदव्युत्तर वर्गाला शिकवीत आलो. काम जितके घाणेरडे, कष्टाचे, धोक्याचे, तितकी त्याची मजुरी अधिक. कारण एरवी ते करायला कोणी तयार होणार नाही. पुढील अर्थशास्त्रज्ञांनी त्यावर समीकरणांचे मनोरे चढवले. धोक्याची भरपाई वेतनातच झालेली असते, तेव्हा शासनाने मध्ये पडून बाजाराचा समतोल बिघडवू नये, हा निष्कर्ष त्यातून निघतो आणि आजही तो मोठ्या विद्वत्तेने मांडला जातो. कुदळवाडीत मला या सिद्धान्ताचा उलटा पुरावा मिळाला. सर्वांत घाणेरडे आणि सर्वांत घातक काम करणाऱ्याची मजुरी तेथे सर्वांत कमी होती. स्मिथच्या मजुरापुढे निवड असते, असे गृहीत धरलेले असते. ज्याची दीड एकर कोरडवाहू जमीन दोन दुष्काळांत सावकाराकडे गेली, त्याच्यापुढे कसली निवड? शिवाय आपल्या देशात एक गोष्ट स्मिथच्या कल्पनेतही नव्हती. येथे घाणेरड्या कामाला वेगळी मजुरी न देता वेगळी माणसे नेमून ठेवण्याची पद्धत हजारो वर्षांची आहे. जातिव्यवस्था कामाची नव्हे तर काम करणाऱ्यांची वाटणी करते, हे बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली दाखवून दिले. मैल्याच्या टाकीत कोण उतरतो हे आपल्याला ठाऊक आहे. तेलाच्या टाकीपाशी कोण बसतो हे एकदा जाऊन पाहावे. ‘हेल्पर’ या इंग्रजी शब्दाने ती वाटणी झाकली जाते, एवढाच काय तो आधुनिकतेचा फरक.

कामगार निष्काळजी असतात, हातमोजे दिले तरी घालत नाहीत, हे वाक्य मी या विषयावर बोलताना जितक्या वेळा ऐकले तितके दुसरे कोणतेही नाही. हातमोजे खरोखरच खुंटीला लटकत होते. रबराचे जाड हातमोजे घालून बोटभर फटीतला शिशाचा तुकडा काढून पाहावा, म्हणजे ते खुंटीवर का असतात ते कळेल. नगाच्या दराने काम करून घ्यायचे आणि घाई केल्याचा दोष कामगाराला द्यायचा, हा शर्यतीत घोड्याला चाबूक मारून तो धापा टाकतो म्हणून तक्रार करण्याचा प्रकार आहे. आणि जे नुकसान क्षणात होत नाही, वीस वर्षांनी होते, त्याला कोणती काळजी पुरी पडणार? गंधकाम्लयुक्त तीव्र आम्लांचे तुषार कामाच्या जागी श्वासातून जाणे हे माणसात कर्करोगास कारण होते, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ सालीच दिलेला आहे. पोलाद आम्लात धुणाऱ्या कामगारांचा अभ्यास हा त्याचा एक आधार होता. आम्लाच्या वाफेने पुढचे दात झिजतात हे तर त्याहून जुने ज्ञान. शिसेयुक्त पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झाले, पण त्याआधीच्या गाड्यांच्या टाक्यांत त्याचा गाळ आहे. शिवाय टाक्यांच्या पत्र्यालाच अनेक दशके शिसे-कथिलाचा मुलामा देत असत. ते सगळे खरवडून, विरघळून शेवटी तळाच्या चिखलात येते. तो चिखल बादलीने उपसणाराही हेल्परच.

अमेरिकेत बाथटबचा जुना रंग मेथिलीन क्लोराइडने काढणारे तेरा कामगार २००० ते २०११ या काळात मेले, हे तेथील सरकारी आरोग्य यंत्रणेने एकेक मृत्यू शोधून जाहीर केले. बंद न्हाणीघरात वाकून काम करताना ती जड वाफ त्यांच्या नाकातोंडात गेली होती. पुढे २०१९ मध्ये त्या देशाने घरगुती वापराच्या रिमूव्हरमध्ये हे द्रावण विकण्यास बंदी केली आणि २०२४ मध्ये बहुतेक औद्योगिक वापरही निषिद्ध ठरवला. अमेरिका हा काही आपला आदर्श नव्हे, आणि तेरा मृत्यू मोजल्यानंतरही बंदीला इतकी वर्षे लागली हे तेथील रसायन कंपन्यांच्या ताकदीचेच द्योतक आहे. पण क्रम ध्यानात घ्यावा. आधी मोजणी, मग वाद, मग बंदी. ज्या देशात मोजणीच नाही तेथे वादही सुरू होत नाही.

कायदा नव्हता असे मात्र कोणी म्हणू नये. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ३७ व्या कलमाचे चौथे पोटकलम जणू या टाक्यांसाठीच लिहिलेले आहे: ज्या टाकीत वा पात्रात स्फोटक अथवा ज्वालाग्राही पदार्थ आहे किंवा पूर्वी होता, ती टाकी निर्धोक केल्याखेरीज तिच्यावर वेल्डिंग, डाग देणे किंवा कापणे यांतले काहीही करता येणार नाही. ३६ वे कलम बंदिस्त जागेतील विषारी वाफांविषयी आहे. अडचण एवढीच, की हा अधिनियम विजेवर चालणाऱ्या आणि दहा कामगार असलेल्या कारखान्याला लागू. माझ्या विद्यार्थ्याकडे सात जण होते. त्यावरही तोड होती. कलम ८५ नुसार राज्य शासन कामगारांची संख्या न पाहता कोणत्याही जागेला हा कायदा लावू शकत असे. या कलमाचा आधार घेऊन टाक्या धुणाऱ्या आणि आम्लात पत्रा बुडवणाऱ्या शेडमध्ये निरीक्षक गेला, असे मला एकाही शेडवाल्याने सांगितले नाही.

आता तो अधिनियमही इतिहासजमा झाला. २०२० साली संमत झालेली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तीत विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी दहाऐवजी वीस कामगारांची अट आहे, कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्यासाठी विसाऐवजी पन्नास. निरीक्षकाचे नाव आता ‘निरीक्षक-तथा-सुविधाकार’. पोलिसाला ‘शिपाई-तथा-यजमान’ म्हटल्यावर चोरांना जितका धाक वाटेल तितकाच या नावाचा कारखानदारांना वाटेल. संहितेची घडण अशी, की तपशिलाचा मोठा भाग शासनाने करावयाच्या नियमांवर आणि मानकांवर सोपवलेला आहे. तथापि एक फट तीतही आहे. जेथे धोकादायक अथवा जीवघेणे काम चालते अशा आस्थापनांना, कामगारांची संख्या कितीही कमी असली तरी, अधिसूचना काढून संहिता लावता येते. ती अधिसूचना मागणे हे आपले पहिले काम आहे. संहिता रद्द करा ही आपली घोषणा योग्यच आहे. परंतु ती रद्द होईपर्यंत टाकीपाशी बसलेल्या मुलाने काय करावे, हेही घोषणा देणाऱ्याने सांगितले पाहिजे.

८ डिसेंबर २०२३ रोजी कुदळवाडीपासून फार दूर नसलेल्या तळवड्यात, वाढदिवसाच्या केकवर लावण्याच्या फुलबाज्या बनवणाऱ्या एका शेडमध्ये स्फोट झाला. आत काम करणाऱ्या बायका होरपळून मेल्या. ही जागा येथे होती हेच आपल्याला माहीत नव्हते, असा सूर त्यानंतर लागला. वाढदिवसाच्या दिव्यांमागे स्फोटक दारू असते आणि चकचकीत गाडीमागे शिशाची भुकटी असते, हे माहीत करून न घेण्यावर आपली नागरी सुखे उभी आहेत. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये शासनाला कुदळवाडी एकदम दिसली. महापालिकेने पोलीस बंदोबस्तात तेथल्या हजारो शेड जमीनदोस्त केल्या. अनधिकृत बांधकाम, आगीचा धोका, नदीचे प्रदूषण अशी कारणे देण्यात आली. त्यातले एकही खोटे नव्हते. इंद्रायणीवर आळंदीला तरंगणारा फेस मीही पाहिला आहे. तो केवळ शेडचा नाही, शहराच्या सांडपाण्याचाही आहे, पण शेडचा वाटा त्यात नाही असे मी म्हणणार नाही. मला विचारायचे आहे ते असे: वर्षानुवर्षे या शेड वाढत असताना वीज कोणी दिली? कर कोणी घेतला? मोठ्या कारखान्यांची सुटी कामे तेथे कोण पाठवीत होते? इतक्या काळात एक वायुमापक घेऊन एक निरीक्षक आला नाही, आणि आला तो थेट बुलडोझर. कामगाराचा जीव वाचवायला शासनाला शेड दिसत नाही, पाडायला मात्र सूर्यप्रकाशात दिसते. शेड पडल्याने धोका नाहीसा झाला नाही. तो चाकणच्या बाजूला आणखी आत, आणखी आडोशाला गेला. माझ्या विद्यार्थ्याचे दुकान आता एका शेताच्या कडेला आहे, आणि टाकीचा चिखल पूर्वी नाल्यात जाई तो आता ओढ्यात जातो.

लघुउद्योग बुडेल, ही हाकाटी लगेच होईल. ती करणाऱ्यांत आपल्या पक्षाचे काही मित्रही असतील, कारण छोटा उद्योजक हा आपल्या सहानुभूतीचा विषय राहिला आहे आणि तसा तो असावाही. पण या सहानुभूतीची किंमत त्याच्या हेल्परने का चुकवावी? पिगूने १९२० मध्ये आणि त्यानंतर अधिक परखडपणे कॅपने १९५० मध्ये दाखवले, की खाजगी धंद्याचा खर्च समाजावर ढकलता आला की तो धंदा आहे त्याहून स्वस्त भासतो. टाकी धुण्याचा खरा खर्च धरला तर बुडवण्याचा दर वाढेल. वाढू द्यावा. ज्याला वीस हजार रुपये भरून दोन अक्षरे विकत घेता येतात, त्याला टाकी धुण्याचे पैसे देता येतील. मालट्रकवाल्याचे तसे नाही हे खरे. त्याच्यावर हा भार एकट्याने पडू नये म्हणून मार्ग काढला पाहिजे, आणि तो मार्ग महाराष्ट्राला परका नाही. १९५० च्या सुमारास धनंजयराव गाडगिळांच्या साहाय्याने विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेच्या शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभारला. शेतकऱ्यांना साखर कारखाना काढता येतो, तर पन्नास शेडवाल्यांना मिळून वाफेचा बंब, दोन वायुमापक, चिखल साठवण्याचा पक्का हौद आणि चार प्रशिक्षित माणसे यांचे एक सामायिक धुलाई केंद्र काढता येणार नाही? टाकी तेथे जावी, वायुमुक्त असल्याचा दाखला घेऊन बाहेर पडावी, आणि दाखल्यावाचून कोणत्याही वेल्डरने ती घेऊ नये. जहाज तोडताना त्याच्या टाक्या वायुमुक्त केल्याचा दाखला मागितला जातो. ट्रकच्या टाकीजवळ बसणाऱ्याचा जीव जहाजाजवळच्या मजुराहून स्वस्त आहे काय?

आणि या कामगारांना बांधून ठेवणारी रचना? विखुरलेले, रोज मालक बदलणारे, लिहिता न येणारे कामगार संघटित होऊ शकत नाहीत, असे हमालांविषयीही म्हटले जात होते. १९६९ चा माथाडी कायदा या राज्याने केला: कामगाराची नोंदणी मंडळाकडे, मालकाची नोंदणीही मंडळाकडे, आणि मजुरीवर लेव्ही. मालक बदलला तरी भविष्यनिर्वाह निधी आणि दवाखाना बदलत नाही. पत्राकाम आणि रसायनकाम करणाऱ्या या मुलांसाठी अशाच धर्तीचे मंडळ का नसावे, याचे सबळ कारण मला कोणी सांगितलेले नाही. माथाडी मंडळांत शिरलेल्या भ्रष्टाचाराचे उदाहरण लगेच पुढे केले जाईल. शिरला आहे. पण विहिरीत मांजर पडले म्हणून विहीर बुजवायची, की मांजर काढायचे?

आपल्या स्वतःच्या घराकडेही थोडे पाहावे लागेल. मोठ्या मोटार कारखान्यांत नवा सांगाडा आपोआप चालणाऱ्या साखळीवरून एकामागून एक टाक्यांत बुडतो. त्याला माणसाचा हात लागत नाही, आणि तेथील कायम कामगाराची परिस्थिती, लढून मिळवलेली का होईना, बरी आहे. त्या कारखान्यांतल्या आपल्या युनियननी वेतनकराराच्या मागणीपत्रकात एक कलम घालावे: आमच्या कारखान्याचे सुटे काम ज्या शेडमध्ये जाते तेथे आम्लाच्या आणि इंधनाच्या टाक्यांची व्यवस्था काय आहे, याची माहिती व्यवस्थापनाने युनियनला द्यावी. एवढेही कलम माझ्या पाहण्यातील एकाही करारात नाही. बोनसच्या टक्क्यासाठी आपण महिनाभर दारात बसलो आहोत. फाटकाबाहेरचा टेम्पो कोठे जातो हे मात्र आपण विचारले नाही. विचारले असते तर कदाचित बोनसचा अर्धा टक्का तेथूनच येतो हेही कळले असते, आणि ते कळणे आपल्याला सोयीचे नव्हते.

शाखांनी प्रथम याद्या कराव्यात. आपल्या तालुक्यात टाक्या जोडणारे, पत्रा बुडवणारे, रिमूव्हरने रंग काढणारे किती, प्रत्येकाकडे माणसे किती, पाणी कोठून येते, चिखल कोठे जातो. दोन कार्यकर्ते आणि एक दुचाकी एवढ्यावर हे काम आठवड्यात होते. शासनाकडे नसलेली वही आपल्याकडे असली, तर अधिसूचनेची मागणी करताना मंत्र्याच्या टेबलावर ठेवायला काहीतरी असेल.

गेल्या दिवाळीत विद्यार्थी फराळाला आला होता. माझ्या रोजच्या कटकटीला कंटाळून म्हणा, की मनापासून म्हणा, त्याने जुना का होईना एक वायुमापक घेतला होता, नगाचा दर बंद करून रोजंदारी सुरू केली होती, आणि बिलात दुसरी ओळ घातली होती: ‘टाकी धुऊन वायुमुक्त करणे.’ त्यापुढे रक्कम होती. त्याने खिशातून एक बिल काढून माझ्यापुढे ठेवले. गिऱ्हाइकाने, जुन्या मोटारींच्या एका मोठ्या हौशी सद्गृहस्थाने, ती ओळ शाईने खोडून खाली उरलेल्या रकमेचा धनादेश जोडला होता. “सर, पुढचं काम त्यांनी दुसरीकडे दिलं,” तो म्हणाला. “तिकडे ही ओळ नाही.”